मांजराचं पिल्लू ट्रे सोडून गादीवर शू करतंय, काय करू?

हिरवा_चाफा (११ जुलै)

नमस्कार मंडळी,

पंधरा दिवसांपूर्वी भर पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली मांजराचं पिल्लू सापडलं. दोन दिवस आईची वाट पाहिली. खाली खोक्यात ठेवून लांबून लक्ष ठेवलं, पण ती फिरकलीच नाही. मग वर आणलं. पांढरंशुभ्र, नाकावर एकच काळा ठिपका, म्हणून लेकीने नाव ठेवलं तिळू. दीड-दोन महिन्यांची असेल.

आम्ही डोंबिवलीत राहतो, चौथा मजला, वन बीएचके. घरात मी, नवरा, लेक आणि सासूबाई. यापूर्वी कुणीच मांजर पाळलेलं नाही.

पहिले तीन दिवस तिळूने ट्रेमध्येच शी-शू केली. चौथ्या दिवसापासून जे बिनसलं ते आजपर्यंत. शू सासूबाईंच्या गादीवर नाहीतर बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यावर, आणि शी तुळशीच्या कुंडीत. तीही पातळच. ट्रेमध्ये दिवसातून एखाद्या वेळी जाते, पण न उकरता, न पुरता टुणकन बाहेर येते.

जागा नाही म्हणून ट्रे बाथरूममध्ये वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवलाय. वास येऊ नये म्हणून मागच्या आठवड्यात झाकणवाला मोठा ट्रे आणि लव्हेंडरच्या वासाची वाळू आणली. जिथे शू करते ती जागा लगेच फिनाईलने पुसते. खायला दूध-पोळी आणि थोडं पिल्लांचं कोरडं खाणं देते.

सासूबाई तिच्यावर जीव टाकतात. पण कापसाची गादी या पावसात वाळवायची कुठे? काल म्हणाल्या, "पावसाळा संपेपर्यंत हिला कुणाकडे तरी देऊ या." लेक रात्री रडतरडत झोपली. मला तिळूला कुठेही द्यायचं नाही. माझं काय चुकतंय ते कुणी सांगेल का?

घाटावरचा (११ जुलै)

मांजर चार भिंतींत कोंडलं की असंच होणार. आमच्याकडे वाईला परसदार आहे, मांजरं बाहेर जातात, माती उकरतात, झाकून येतात. कसला ट्रे नि कसली वाळू. दार उघडं ठेवा, आपोआप शिकेल.

गोधडी (११ जुलै)

घाटावरचे, त्या चौथ्या मजल्यावर आहेत हो. दार उघडं ठेवलं तर जिना, लिफ्ट आणि खाली रस्ता. दोन महिन्यांचं पिल्लू परत येईल का?

पडवी (११ जुलै)

घाटावरचे म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे, पण उघड्या दारात नाही, मातीत. राजापूरला आजीच्या पडवीत कोपऱ्यात एक घमेलं असायचं, त्यात मऊ माती आणि वर चुलीतली थोडी राख. भाटी (मांजरी) व्यायली की पिल्लं सात घरं फिरून शेवटी चुलीच्या वैलाजवळ यायची आणि पाय फुटले की आईच्या मागोमाग त्या घमेल्यात जायची. आजीने कधी कुणाला शिकवलं नाही.

तुमची तिळू तुळशीच्या कुंडीत जाते म्हणजे तिला माती हवीय. लव्हेंडर नकोय.

बोकोबा (१२ जुलै)

पडवी, अगदी नेमकं बोललात. हिरवा_चाफा, माझ्याकडे चार मांजरं आहेत आणि गेल्या बारा वर्षांत तात्पुरती सांभाळलेली पिल्लं वेगळीच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे मनातून काढा की पिल्लू मुद्दाम करतंय किंवा राग काढतंय. पहिले तीन दिवस ती ट्रेमध्ये जात होती, म्हणजे तिला येतं सगळं. नंतर काहीतरी बदललं किंवा तिथे तिला कसली तरी भीती बसली. तुमचा मजकूर मी दोनदा वाचला, उत्तरं त्यातच आहेत.

वॉशिंग मशीन. पिल्लू वाळूत बसलंय आणि शेजारी मशीन स्पिनला लागलं तर? एकदा दचकलं की ती जागा धोक्याची ठरते. शू करताना मांजर सगळ्यात असहाय असतं, म्हणून त्याला शांत जागा लागते आणि चहूकडे दिसावं लागतं. झाकणवाल्या ट्रेमध्ये यातलं काहीच नाही, शिवाय वास आत कोंडतो. आपल्याला वास येत नाही म्हणून आपण खूश, पण आत बसणारी ती आहे. लव्हेंडरचंही तेच.

ट्रेची कड किती उंच आहे? एवढ्या पिल्लाला दोन-तीन इंचांपेक्षा जास्त नको. माझ्याकडची पिल्लं जुन्या पसरट परातीत शिकली. वाळू दोन इंच पुरे.

आणि ती वाळू ओली झाली की गोळा होणारी आहे का? असेल तर आजच काढा. पिल्लं सगळं तोंडात घालतात. ती बेंटोनाइट नावाच्या मातीची असते, पोटात गेली तर फुगते, आतडं तुंबू शकतं. तीन-चार महिन्यांची होईपर्यंत साधी माती, कागदाचा लगदा किंवा लाकडाच्या गोळ्या वापरा.

सवय नव्याने लावायची तर चार-पाच दिवस तिला एकाच खोलीत ठेवा. खाणं एका टोकाला, ट्रे दुसऱ्या टोकाला. झोपून उठली, खाल्लं, खेळली की उचलून ट्रेमध्ये ठेवा आणि बाजूला व्हा. पंजे धरून उकरायला लावू नका, घाबरते. पायपुसण्यावरची शू टिपलेला कागदाचा तुकडा ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे जागा तिला ओळखीची वाटेल. पायपुसणी सगळी उचला. मऊ, ओलसर आणि जमिनीलगत, पिल्लाला ती जागा ट्रेसारखीच वाटते.

नियम म्हणून सांगतात की जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त. वन बीएचकेत दोन ट्रे म्हणजे अडचण, मला कळतं. पण पिल्लाला शू लागल्यावर लांब जाणं जमत नाही. निदान महिनाभर दोन ठेवा.

जुनी_वही (१२ जुलै)

आमच्या लहानपणी पिल्लाने घरात घाण केली की मानेला धरून नाक त्यात घासायचे आणि एक चापट द्यायचे. दोन-तीन वेळात सुधारायचं. एवढे सोपस्कार नव्हते.

गोधडी (१२ जुलै)

जुनी_वही, राग मानू नका, पण तेव्हाही ते बरोबर नव्हतं. आमच्याकडे हेच केलं होतं. पिल्लू सुधारलं नाही, माणसांना घाबरून कपाटामागे जाऊन करायला लागलं. वास यायचा, जागा सापडायची नाही. सापडली तेव्हा कपाटाची मागची फळी कुजली होती. शिक्षा शू केल्याबद्दल आहे हे त्याला कळत नाही, या माणसासमोर करायचं नाही एवढंच कळतं. मग ते आपल्यासमोर ट्रेमध्येही जात नाही.

जुनी_वही (१२ जुलै)

असा विचार केला नव्हता. आमचंही माळ्यावर जाऊन बसायचं, ते आता आठवलं. मागे घेतो.

गुरांचा_डॉक्टर (१२ जुलै)

मी पशुवैद्यक, तालुक्याच्या दवाखान्यात. गाई-म्हशी जास्त, पण मांजरंही येतात. बोकोबांनी ट्रेबद्दल लिहिलंय ते योग्यच. दोन गोष्टी मात्र त्याहून तातडीच्या आहेत.

फिनाईल आजपासून बंद करा. मांजराच्या यकृतात फिनॉल जातीची द्रव्यं निकामी करणारी यंत्रणा फार दुबळी असते. पुसलेल्या फरशीवरून ते चालतं, मग पंजे चाटतं आणि विष थोडं थोडं पोटात जातं. काळं फिनाईल सर्वांत वाईट, पांढरंही नको. पाण्यात टाकल्यावर दुधासारखी होणारी अँटिसेप्टिक द्रवंही नकोत. याच कारणाने मांजराला पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये, एका गोळीने मांजर दगावू शकतं. अमोनिया असलेलं क्लीनरही टाळा, त्याचा वास मांजराला शूसारखाच वाटतो. फरशी साध्या पाण्याने, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून पुसा.

दुसरं, दूध थांबवा. आईचं दूध सुटलं की दुधातली साखर पचवायची ताकद बहुतेक मांजरांत कमी होते. पातळ शी त्यामुळे असू शकते, जंतांमुळेही असू शकते. ज्या पिल्लाला जुलाब होतायत ते ट्रेपर्यंत पोचेलच असं नाही. पिल्लांचंच खाणं भिजवून द्या, पाणी भरपूर ठेवा. ताजी शी डबीत घेऊन जवळच्या व्हेटकडे जा, तपासून घ्या. जंताचं औषध वजनावर ठरतं, अंदाजाने देऊ नका. लसीचंही वय झालंय.

पडवी, तुमच्या घमेल्याबद्दल एक दुरुस्ती. राख ओली झाली की पंजे आणि जीभ पोळते, ती नको. बांधकामाच्या ढिगातली वाळूही आणू नका, तिथे भटकी मांजरं जातात. त्यांचे जंत येतात आणि लस न झालेल्या पिल्लाला पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा जीवघेणा विषाणूचा आजारही होऊ शकतो. तो विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. खत न घातलेली बंद पिशवीतली माती घ्या.

पिल्लू वारंवार ट्रेमध्ये बसतंय, कण्हतंय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. बोक्यांमध्ये मूत्रमार्ग तुंबतो आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. पुढे मोठा झाल्यावरही हे ध्यानात ठेवा.

हिरवा_चाफा (१२ जुलै)

डॉक्टर, वाचून हातपाय गार पडले. मी दिवसातून चार वेळा फिनाईल लावत होते. बाटली आत्ताच घराबाहेर काढली. उद्या सकाळी व्हेटकडे जाते.

बोकोबा, मशीनचं अगदी खरं आहे. चौथ्या दिवशी रविवार होता, चादरींचे दोन घाणे लावले होते. माझ्या डोक्यात हे आलंच नाही.

केळफूल (१२ जुलै)

मीही याच प्रश्नापायी इथे आले. मला चौथा महिना आहे. घरात पाच वर्षांची मांजरी आहे आणि सगळे नातेवाईक म्हणतायत की बाळाला धोका आहे, तिला सोडून द्या. ट्रे साफ करणं थांबवू का? की खरंच...? पुढचं लिहवत नाही.

गुरांचा_डॉक्टर (१३ जुलै)

केळफूल, सोडू नका. ज्या आजाराबद्दल बोललं जातं तो टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे होतो. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडेच त्याच्या शीतून अंडकं बाहेर पडतात. तीही पडल्यापडल्या लागण करत नाहीत, त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज साफ झाला तर धोका खूपच कमी होतो. घरातच राहणारी, शिजवलेलं किंवा कोरडं खाणारी, शिकार न करणारी मांजरी असेल तर आणखी कमी. कच्चं-अर्धकच्चं मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांच्याकडे जास्त लक्ष द्या. ट्रेचं काम नऊ महिने घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. तुमच्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगा, रक्ताची तपासणी लागेल का ते त्या ठरवतील.

केळफूल (१३ जुलै)

मनापासून आभार. नवऱ्याला हे वाचून दाखवलं. फावडं त्याने हातात घेतलंय.

मुक्काम_सॅन_होजे (१३ जुलै)

टॉक्सोप्लाझ्माचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. इथे कॅलिफोर्नियात २००६ साली कायदा झाला की वाळूच्या पाकिटावर 'मांजराची शी संडासात टाकून फ्लश करू नका' अशा अर्थाची सूचना हवी. कारण काय, तर समुद्रातली पाणमांजरं! मैलापाणी शुद्ध केलं तरी ही अंडकं मरत नाहीत, समुद्रात पोचतात आणि पाणमांजरं दगावतात. घरच्या मांजरापायी पाणमांजराचा जीव. मराठी नावामुळे मला ते जास्तच लागलं. तर वाळू पिशवीत बांधून कचऱ्यातच टाका.

आणखी एक गंमत. आज दुकानात मिळते ती मांजराची वाळू मुळात मुलतानी माती आहे! १९४७ साली मिशिगनमध्ये एडवर्ड लो यांच्याकडे शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. त्यांच्याकडे तेल शोषायला वापरतात ती फुलर्स अर्थ होती, तीच त्यांनी दिली. बाईंना इतकी आवडली की लो यांनी ती पिशव्या भरून विकायला सुरुवात केली. त्याआधी तिकडेही लोक राख नि वाळूच वापरत होते. म्हणजे पडवींची आजी आणि मिशिगनच्या बाई एकाच मार्गावर.

पडवी (१३ जुलै)

वा! आजी असती तर तिला हे सांगितलं असतं. मुलतानी माती तोंडाला लावतात म्हटल्यावरच तिला हसू यायचं.

अर्धा_कप_चहा (१३ जुलै)

आणि गोळा होणारं बेंटोनाइट आपल्या कच्छ-बाडमेरकडे खाणीतून निघतं. दारात खजिना आहे म्हणायचा. :)

पण मुद्द्यावर येऊ. गादीचं काय? वास राहिला तर बाकी सगळं करून उपयोग नाही, पिल्लू वास धरून तिथेच परत जातं. शूमधले युरिक आम्लाचे स्फटिक साध्या पाण्यात विरघळत नाहीत. वाळलं की वास गेल्यासारखा वाटतो आणि हवा दमट झाली की पुन्हा उठतो. डोंबिवलीच्या जुलैत तर विचारूच नका. एन्झाइमचं क्लीनर मिळतं ते आणा, डाग भरपूर भिजवा आणि लगेच न पुसता कित्येक तास तसंच राहू द्या. लोक इथेच चुकतात, फवारतात आणि पुसून टाकतात. नाही मिळालं तर पांढरं व्हिनेगर नि पाणी समप्रमाणात, वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरून दुसऱ्या दिवशी झटका. गरम पाणी मात्र वापरू नका, वास पक्का होतो.

डाग कुठे आहेत ते दिसत नसतील तर दुकानदार नोटा तपासायला जी जांभळी टॉर्च ठेवतात ती घ्या. रात्री दिवे बंद करून मारली की जुने डाग पिवळट-हिरवे चमकतात. आम्हाला सोफ्याखाली तीन सापडले, जे महिनाभर कुणाला ठाऊक नव्हते.

हिरवा_चाफा (१४ जुलै)

काल व्हेटकडे जाऊन आलो. पहिली बातमी: तिळू मुलगी नाही, बोका आहे! लेकीला खूप हसू आलं, मग म्हणाली तिळू हे नाव दोघांनाही चालतं. वजन ७२० ग्रॅम. आठवड्याला साधारण १०० ग्रॅम धरतात म्हणे, म्हणजे सात आठवड्यांचा.

शी तपासली, गोल जंत निघाले. औषध दिलंय, दोन आठवड्यांनी पुन्हा. दूध बंद. आज सकाळी शी पुष्कळच घट्ट होती.

सासूबाई बरोबर आल्या होत्या. व्हेटने पोट दाखवून सांगितलं की जंतांमुळे ते कसं फुगलंय. घरी येताना रिक्षात त्यांनी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. आता "कुणाला तरी देऊ या" हे बोलणं थांबलंय.

बोकोबा (१४ जुलै)

अभिनंदन! बोका असेल तर पुढची एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान नसबंदी करून घ्या. वयात आल्यावर बोका भिंतीवर, पडद्यावर उभ्याने फवारे मारतो. त्याचा ट्रेशी संबंध नसतो, हद्द आखणं असतं. सवय लागण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक बोके फवारतच नाहीत.

घाटावरचा (१५ जुलै)

मी सुरुवातीला दार उघडं ठेवा म्हणालो होतो. डॉक्टरांचं वाचून आमच्या दोन्ही मांजरांना लस द्यायला घेऊन गेलो. एवढी वर्षं कधी दिली नव्हती. धागा काढल्याबद्दल आभार.

श्रावणसर (१७ जुलै)

तुळशीच्या कुंडीसाठी: मातीवर गोटे पसरा किंवा नारळाच्या शेंड्यांचा थर द्या, उकरता येत नाही. मोसंबीची सालंही ठेवतात, तो वास मांजरांना आवडत नाही. पण सालं पावसात कुजतात, गोटे बरे. आणि कुंडी बंद करण्याआधी ट्रेमध्ये माती सुरू करा. दोन्ही एकदम बंद झालं तर बिचारा जाणार कुठे?

हिरवा_चाफा (२६ जुलै)

उशीर झाला, पण काय काय झालं ते सगळं लिहिते.

ट्रे दोन केले. एक गॅलरीच्या कोपऱ्यात, जिथे पाऊस येत नाही, आणि गॅलरीला आधी लोखंडी बारीक जाळी बसवून घेतली. दुसरा हॉलमध्ये दिवाणाच्या पायथ्याशी. झाकणवाला ट्रे काढून टाकला. गॅलरीत जुनी परात आहे, हॉलमध्ये भाजीच्या दुकानात मिळाली ती पसरट पाटी. दोन्हीत पिशवीतली माती. पहिले दोन दिवस तुळशीच्या कुंडीतलीच मूठभर माती वर पसरली, म्हणजे त्याला ओळख पटावी. बोकोबा, हे तुमच्या कागदाच्या तुकड्यावरून सुचलं.

पहिल्याच रात्री तो परातीत गेला आणि इतकं उकरलं, इतकं उकरलं, की अर्धी माती गॅलरीभर. आम्ही चौघं दाराआडून पाहत होतो.

मग तीन दिवस नीट गेले. चौथ्या दिवशी पुन्हा गादीवर. मी रडायची बाकी होते. अर्धा_कप_चहा, तुमची टॉर्च तेव्हा आणली. गादीच्या कडेला, भिंतीकडच्या बाजूला एक मोठा डाग निघाला, जो मी कधी धुतलाच नव्हता. तेवढी बाजू एन्झाइमने रात्रभर भिजवली, मग पंख्याखाली दोन दिवस. त्यानंतर आज नववा दिवस, गादी कोरडी आहे. पावसाळा संपल्यावर कापूस पिंजून घेणार.

पायपुसणं मात्र अजून घालत नाही. परवा चुकून राहिलं तर लगेच त्यावर गेला.

बोकोबा (२६ जुलै)

नऊ दिवस म्हणजे जमलं. मातीवरून वाळूवर जायचं असेल तेव्हा एकदम बदलू नका. दर दोन दिवसांनी मूठ-मूठ मिसळत दोन-तीन आठवडे लावा. तो वाढेल तशी परात छोटी पडेल. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजा, त्याच्या दीडपट लांब ट्रे लागतो. पायपुसणं दोन महिने विसरा.

गोधडी (२७ जुलै)

मातीतून शी काढायला काय वापरता? दुकानातल्या फावड्यातून माझ्याकडे बरंच निसटतं.

हिरवा_चाफा (२७ जुलै)

सासूबाईंचा पुऱ्या तळायचा झारा. त्यांनीच काढून दिला, भोकं अगदी बरोबर मापाची आहेत. आता तो गॅलरीत खिळ्याला टांगलाय आणि स्वयंपाकघरात नवा आणलाय. दुपारी त्या आडव्या असतात. परातीत माती उकरल्याचा आवाज आला की डोळे न उघडताच म्हणतात, "गेला गं."